चाळिशीत पुन्हा मैदानात

वाचकहो, सोलापूरच्या माणसाला बर्फ म्हटले की काय आठवते? उन्हाळ्यातला रंगीत गोळा, लग्नसराईतले सरबत, आणि लाकडाच्या भुशात गुंडाळून पोत्यातून येणारी लादी. मे महिन्यात आपल्याकडे पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा बर्फ हातात येईपर्यंत निम्मा वितळलेला असतो. अशा गावात बसून आम्ही आज बर्फावरच्या खेळाविषयी लिहिणार आहोत. काही वाचक म्हणतील, आमच्या या कारकुनाला झाले तरी काय? पाण्याचा प्रश्न, विडी कामगार भगिनींचे प्रश्न, मुलांच्या शिष्यवृत्त्या, हे सारे सोडून हा बर्फावर कुठे निघाला? थोडा धीर धरावा. बर्फावरून निघून आम्ही आपल्याच वस्तीत येणार आहोत.

मार्च २०२४ मध्ये कॅनडातील मॉन्ट्रियल शहरात फिगर स्केटिंगची जागतिक स्पर्धा झाली. फिगर स्केटिंग म्हणजे बुटाच्या तळाला पोलादी पाते लावून, संगीताच्या तालावर बर्फावर केलेला नाच आणि कसरत. यात जोडीचा एक प्रकार असतो. पुरुष खेळाडू स्त्री खेळाडूला डोक्याच्या वर एका हातावर उचलतो, पुढे फेकतो, आणि तिने हवेत गिरक्या घेऊन एका पायावर, त्या अरुंद पात्यावर, उतरायचे असते. पाय चुकला तर खाली गादी नसते, दगडासारखा कडक बर्फ असतो. या प्रकारात त्या वर्षी सुवर्णपदक मिळवणाऱ्या जोडीतील स्त्रीचे नाव आहे डिॲना स्टेलाटो-ड्यूडेक. तिचा जोडीदार मॅक्सिम देशाँ. आदल्या वर्षीच्या विजेत्या जपानी जोडीला त्यांनी मागे टाकले. त्या दिवशी डिॲना ४० वर्षांची होती. फिगर स्केटिंगच्या इतिहासात एवढ्या वयाची स्त्री त्याआधी कधीही जगज्जेती झालेली नव्हती.

हे किती मोठे आहे हे कळण्यासाठी या खेळातला वयाचा हिशेब पाहावा लागेल. १९९८ च्या नागानो ऑलिंपिकमध्ये तारा लिपिन्स्की या अमेरिकन मुलीने सुवर्णपदक जिंकले तेव्हा ती १५ वर्षांची होती. आपल्याकडे त्या वयाची मुलगी दहावीचे फॉर्म भरत असते. शरीर हलके, हाडे लवचिक, भीती कमी, म्हणून या खेळात कोवळ्या मुलींना पुढे काढायचे आणि विशीच्या आत त्या मोडून पडायच्या, असा प्रकार वर्षानुवर्षे चालला. अखेर २०२२ मध्ये आंतरराष्ट्रीय स्केटिंग संघटनेने वरिष्ठ गटासाठी किमान वय १५ वरून टप्प्याटप्प्याने १७ करण्याचा निर्णय घेतला. म्हणजे ज्या खेळात पंधराव्या वर्षी शिखर आणि विसाव्या वर्षी म्हातारपण, त्या खेळात ही बाई चाळिसाव्या वर्षी जगात पहिली आली.

आणि ती मधल्या काळात सतत खेळत होती असेही नाही. डिॲनाचा जन्म १९८३ चा, अमेरिकेतला. लहानपणी ती एकेरीत खेळायची. २००० साली कुमार गटाच्या जागतिक स्पर्धेत तिने रौप्यपदक मिळवले. पुढे खुब्याच्या दुखापतींनी तिला हैराण केले आणि वयाच्या सतराव्या वर्षी तिने खेळ सोडला. मग तिने त्वचा-सौंदर्याच्या व्यवसायात नोकरी धरली, संसार केला. सोळा वर्षे गेली. एकदा नोकरीच्याच ठिकाणी, सहकाऱ्यांच्या एका शिबिरात, सर्वांना एक प्रश्न विचारण्यात आला : अपयश येणारच नाही अशी खात्री असेल तर तुम्ही काय कराल? हिच्या तोंडून उत्तर निघून गेले की ऑलिंपिकचे सुवर्ण जिंकीन. उत्तर देऊन ती स्वतःच चकित झाली, असे तिने पुढे सांगितले आहे.

२०१६ साली, ३३ व्या वर्षी, ती पुन्हा बर्फावर उतरली. इथे एक गोष्ट आमच्या मनात भरली. ती परतली, पण जुन्या जागी परतली नाही. एकेरीत सोळा-सतरा वर्षांच्या मुलींशी उड्यांची बरोबरी करत बसण्यापेक्षा तिने जोडीचा प्रकार निवडला, जो तिने आयुष्यात कधी केलेला नव्हता. म्हणजे ३३ व्या वर्षी ती नव्याने मुळाक्षरे गिरवायला बसली. पहिल्या जोडीदाराबरोबर अमेरिकेच्या राष्ट्रीय स्पर्धेत २०१८ आणि २०१९ मध्ये कांस्यपदके मिळाली. मग ती जोडी फुटली. २०१९ मध्ये ती कॅनडाच्या देशाँबरोबर खेळू लागली, देश सोडून परमुलखात राहिली. ऑलिंपिकसाठी जोडीतले दोघेही एकाच देशाचे नागरिक असावे लागतात, म्हणून पुढे २०२४ च्या अखेरीस तिने कॅनडाचे नागरिकत्वही घेतले. पुनरागमनापासून जगज्जेतेपदापर्यंत आठ वर्षे लागली. वर्तमानपत्रात एका दिवसाचा फोटो छापून येतो, मागची आठ वर्षे कोणी छापत नाही.

आम्ही पडलो बी.कॉम. झालेले कारकून, त्यामुळे आम्हाला प्रत्येक गोष्टीत खातेवही दिसते. हिशेबात घसारा नावाची एक बाब असते. कारखान्याने यंत्र घेतले की दरवर्षी त्याच्या किमतीतून ठरावीक रक्कम वजा करीत जायची. दहा-पंधरा वर्षांनी पुस्तकात त्या यंत्राची किंमत एक रुपया उरते. पण एखादवेळी जाऊन पाहावे तर ते एक रुपयाचे यंत्र खोलीत खडखडत चालूच असते, आणि त्यावर माल निघत असतो. लेखापाल यंत्राला विचारायला जात नाही, तो फक्त तारीख पाहतो. माणसांच्या बाबतीत, आणि विशेषतः बायांच्या बाबतीत, आपण सारे असेच लेखापाल झालो आहोत. लग्न झाले, लिहा घसारा. दोन मुले झाली, लिहा घसारा. चाळिशी आली, पुस्तकी किंमत एक रुपया. अंगात काय शिल्लक आहे हे कोणी मोजून पाहिलेले नसते.

पण म्हणून परत येणाऱ्याने जिंकलेच पाहिजे का? आमच्या मते नाही, आणि त्यासाठी जपानच्या मिदोरी इतो यांचे उदाहरण घेण्यासारखे आहे. १९८९ मध्ये त्या जगज्जेत्या झाल्या. एकेरीत हा मान मिळवणाऱ्या त्या आशियातल्या पहिल्याच. साडेतीन गिरक्यांची जी उडी तोवर पुरुषांचीच समजली जात होती ती स्पर्धेत यशस्वीपणे घेणारी जगातली पहिली स्त्री त्याच. १९९२ च्या ऑलिंपिकमध्ये रौप्यपदक मिळाले आणि त्या निवृत्त झाल्या. १९९५-९६ मध्ये पुन्हा आल्या, तेव्हा जागतिक स्पर्धेत सातव्या क्रमांकावर राहिल्या. एखाद्याने म्हटले असते, झाली ती शोभा पुरे झाली. परंतु २०११ मध्ये, ४१ व्या वर्षी, त्या जर्मनीतील ओबर्स्टडॉर्फ या गावी प्रौढांच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत उतरल्या. ही स्पर्धा २००५ पासून तिथे भरू लागली. तिथे वयाप्रमाणे गट असतात, खेळाच्या तयारीप्रमाणेही गट असतात. पन्नाशीतली शिक्षिका, साठीतला डॉक्टर, आणि एकेकाळची जगज्जेती, सारे एकाच बर्फावर येतात. तिथे इतो यांना कोणाला काही सिद्ध करून दाखवायचे नव्हते. नाचावेसे वाटले, आणि नाचायला जागा होती.

जागा होती, हे शब्द वाचकांनी लक्षात ठेवावेत. कारण माणसाच्या हिमतीच्या गोष्टी सांगताना आपण नेहमी जागेची गोष्ट विसरतो. जर्मनीची काटारिना विट १९८४ आणि १९८८ ची ऑलिंपिक विजेती. पैसे घेऊन प्रयोग करू लागल्यावर, म्हणजे व्यावसायिक झाल्यावर, तिला ऑलिंपिकचे दार बंद झाले. पुढे नियम सैल झाला आणि जुन्या खेळाडूंना परत येण्याची मुभा मिळाली, तेव्हा १९९४ मध्ये २८ व्या वर्षी ती पुन्हा उतरली. सातवी आली. पण ज्या सारायेव्हो शहरात तिने पहिले सुवर्ण मिळवले होते ते तेव्हा युद्धात होरपळत होते, आणि तिने आपला नाच त्या शहराला वाहिला. तो नाच लोकांना आजही आठवतो. नियम बदलला नसता तर तिची हिंमत घरातच राहिली असती. हिंमत माणसाची असते, दार मात्र समाजाच्या हातात असते.

आता आपल्या महाराष्ट्रात येऊ. बर्फ आपल्याकडे नाही. सिमल्याला १९२० पासून हिवाळ्यात बर्फाचे मैदान तयार होते, डेहराडूनला २०११ मध्ये दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धांसाठी एक बंदिस्त मैदान बांधले गेले. आपली मुले चाकांच्या बुटांवर सिमेंटवर खेळतात. पण उतारवयात मैदानात परतलेली माणसे आपल्या मातीतही आहेत, आणि त्यांच्यात फार मोठा फरकही आहे.

विजय मर्चंट यांचे नाव जुन्या वाचकांना ठाऊक असेल. ऑगस्ट १९४६ मध्ये इंग्लंडमध्ये ओव्हलवर त्यांनी शतक काढले. त्यानंतर प्रकृतीमुळे ते ऑस्ट्रेलियाच्या दौऱ्यावर गेले नाहीत. पाच वर्षे ते कसोटीत दिसले नाहीत. नोव्हेंबर १९५१ मध्ये दिल्लीला इंग्लंडविरुद्ध ते उतरले तेव्हा त्यांना चाळीस पुरी झाली होती. त्यांनी १५४ धावा केल्या. एवढ्या वयात कसोटी शतक काढणारा भारतीय त्यानंतरही झालेला नाही. त्याच सामन्यात क्षेत्ररक्षण करताना खांदा दुखावला आणि तोच त्यांचा शेवटचा कसोटी सामना ठरला. मर्चंट गिरणीमालकांच्या घराण्यातले. त्यांची गुणवत्ता अस्सल होती, त्याबद्दल वाद नाही. परंतु पाच वर्षे घरी बसले तरी त्यांची जागा त्यांची वाट पाहत होती, हेही खरे.

याच्या तीस वर्षे आधीची गोष्ट पाळवणकर बाळूंची. धारवाडला १८७६ मध्ये जन्मलेले, चर्मकार समाजातले बाळू. पुण्यात गोऱ्या साहेबांच्या क्लबात महिना चार रुपयांवर मैदान झाडणे, खेळपट्टीवर रोलर फिरवणे, जाळी लावणे ही त्यांची कामे. साहेबांना सरावासाठी ते डावखुरी फिरकी टाकीत. साहेब आपल्याला बाद केल्याबद्दल आठ आणे बक्षीस देई असे सांगतात, पण फलंदाजी करायला बॅट काही हातात दिली नाही. पुढे हिंदूंच्या संघाला साहेबांना हरवायचे होते म्हणून बाळूंना घ्यावे लागले. मैदानावर त्यांनी टाकलेला चेंडू सर्वांनी झेलायचा, आणि चहाच्या वेळी मात्र त्यांना बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात. १९११ मध्ये भारताचा संघ इंग्लंडला गेला. संघ सपाटून हरला, पण बाळूंनी त्या दौऱ्यात ११४ बळी घेतले. तरीही हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना वर्षानुवर्षे दिले गेले नाही.

१९२० उजाडले. बाळू ४४ वर्षांचे. मुंबईच्या चौरंगी सामन्यांत पहिल्या लढतीला त्यांना वगळले. नेहमीचे कर्णधार पै आजारी होते. बाळूंचे बंधू विठ्ठल आणि शिवराम दोघेही संघात होते, पण कर्णधारपदासाठी विठ्ठल यांना डावलले. तेव्हा या दोघा भावांनी सामन्यातून अंग काढून घेतले आणि जाहीर निवेदन काढले की जातीमुळे होणारा हा अपमान आम्ही सोसणार नाही. गाजावाजा झाला. बोलणी झाली. अंतिम सामन्याला पारशांविरुद्ध भाऊ परतले, आणि त्यांच्याबरोबर वगळलेले बाळूही परतले, तेही उपकर्णधार म्हणून. कर्णधार पै सामन्यात काही वेळ मुद्दाम मैदानाबाहेर गेले, आणि त्या वेळात पाळवणकर बाळूंनी हिंदू संघाचे नेतृत्व केले. १९२३ मध्ये विठ्ठल हेच कर्णधार झाले आणि त्या वर्षी संघ जिंकला.

हेच बाळू १९३७ च्या निवडणुकीत काँग्रेसतर्फे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या विरुद्ध उभे राहिले आणि सुमारे दोन हजार मतांनी पडले, हे आम्ही विसरलेलो नाही, आणि वाचकांनीही विसरू नये. राजकारणाचा हिशेब त्या पानावर. १९२० चे पान वेगळे आहे आणि ते आमचेच आहे. त्या पानावर लिहिले आहे की निवृत्ती नेहमी स्वतः घेतलेली नसते. कित्येकदा ती दिलेली असते, आणि देणारा वयाचे कारण सांगतो. संघनिवड गुणांवर व्हावी, म्हाताऱ्याने तरुणाची जागा अडवू नये, हे आम्हालाही मान्य. पण ज्याला भरवयात कर्णधारपद दिले नाही त्याला आता तू वयस्क झालास म्हणून सांगणे, हा कोणत्या वहीतला न्याय? आणि ते परतले ते एकट्याच्या जोरावर नव्हे. दोन भावांनी आपल्या जागा पणाला लावल्या, म्हणून तिसऱ्याला जागा मिळाली.

तिसरा नमुना अगदी अलीकडचा. बारामतीच्या लता भगवान करे. मजुरी करून पोट भरणाऱ्या, साठी ओलांडलेल्या. नवऱ्याच्या तपासणीसाठी पैसे हवे होते. २०१३ मध्ये गावात धावण्याची शर्यत होती, बक्षीस होते. नऊवारी नेसून, अनवाणी त्या धावल्या आणि पहिल्या आल्या. पुढे त्यांच्या आयुष्यावर चित्रपट निघाला, त्यात त्यांनी स्वतःच काम केले आणि ६७ व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत त्यांचा विशेष उल्लेख झाला. सारा महाराष्ट्र टाळ्या वाजवत होता. आम्हीही वाजवल्या. पण टाळ्या वाजवताना मनात आले, की ज्या बाईच्या पायात साठीनंतर एवढे बळ, तिला पंधराव्या वर्षी कोणी धावायला का सांगितले नाही? हे पुनरागमन नव्हते, पहिलेच आगमन होते. चाळीस-पंचेचाळीस वर्षे उशिरा. आणि तेही गरज पाठीमागे लागली म्हणून.

आता वस्तीत येतो. येत्या जयंतीच्या कार्यक्रमांसाठी आमच्या भागात बैठक झाली. मिरवणूक, व्याख्यान, रक्तदान, मुलांच्या स्पर्धा अशी यादी तयार झाली. महिलांसाठी काय, असे विचारताच पटापट नावे आली : संगीत खुर्ची, लिंबू-चमचा, रांगोळी, पाककृती. बक्षिसे ठरलेली : स्टीलचा डबा, पाण्याचा जग, पहिल्या नंबराला साडी. कोपऱ्यात बसलेल्या एक वहिनी उठल्या. वय एकेचाळीस. शाळेत असताना खो-खो खेळायच्या, जिल्ह्याच्या संघापर्यंत गेल्या होत्या. दहावीनंतर लग्न झाले आणि खेळ तिथेच थांबला. त्या म्हणाल्या, "आमची धावायची शर्यत ठेवा की. चमच्यात लिंबू घेऊन किती दिस चालायचं?"

बैठकीत हशा पिकला. कोणी म्हणाले, "वहिनी, पडलात-बिडलात तर दादा आम्हाला धरतील." दुसरे म्हणाले, "पोरं हसतील." त्यांचा स्वतःचा मुलगा, कॉलेजात शिकणारा, दारात उभा होता, तो मान खाली घालून निघून गेला. वहिनी काही बोलल्या नाहीत. बैठक संपल्यावर चपला घालता घालता आम्हाला एवढेच म्हणाल्या, "भाऊजी, पोराला लाज वाटली ना? त्याला ठावं न्हाई, त्याच्या वयाची असताना मी खांबाला वळसा मारला की समोरच्या पोरी निस्त्या बघत राहायच्या."

वाचकहो, डिॲनाबाईंना शिबिरात प्रश्न विचारला गेला आणि सगळ्यांनी उत्तर ऐकून घेतले. आमच्या वहिनींना कोणी प्रश्नही विचारला नव्हता, त्यांनी आपणहून उत्तर दिले, आणि आपण हसलो. म्हणून या सदरातून तीन आक्षेपांची उत्तरे द्यावीत असे आम्ही ठरवले.

पहिला आक्षेप, इजा होईल. होऊ शकते. चाळिशीनंतर गुडघा, कंबर, रक्तदाब, साखर या चार खात्यांची तपासणी केल्याशिवाय कोणीही एकदम धावू नये. मर्चंट यांचा खांदा आम्ही वर सांगितलाच आहे. पण याचा अर्थ दोन महिने आधी तयारी करावी, रोज सकाळी अर्धा तास चालण्यापासून सुरुवात करावी, डॉक्टरांना दाखवावे, असा होतो. घरी बसावे असा होत नाही. दिवसभर मांडी घालून विड्या वळणाऱ्या आमच्या भगिनींची कंबर कोणत्या शर्यतीने मोडली आहे? तिथे इजेची काळजी कोणाला आठवत नाही.

दुसरा आक्षेप, मुलांची जागा अडते. अजिबात नाही. जगभर प्रौढांच्या मैदानी स्पर्धा वयाच्या ३५ पासून पुढे पाच-पाच वर्षांच्या गटांत होतात. एकेचाळीस वर्षांच्या बाईने एकोणीस वर्षांच्या मुलीला हरवावे असे कोणी म्हणत नाही. मुलांचे मैदान सकाळी नऊला सुरू होणार असेल तर मोठ्यांचे सात वाजता होईल. प्रश्न तासाभराचा आणि चुन्याच्या चार रेघांचा आहे. शिवाय आईला धावताना पाहिलेली मुलगी उद्या सासरी गेल्यावर आपले बूट माळ्यावर टाकणार नाही, हा फायदा कोणत्या ताळेबंदात धरायचा ते आम्हाला सांगावे.

तिसरा आक्षेप सर्वांत जुना, लोक हसतील. लोक हसतात हे खरे. आपल्या आया-आज्या पहिल्यांदा सभेला गेल्या तेव्हा लोक हसले. प्रौढ साक्षरतेच्या वर्गात पाटी घेऊन बसल्या तेव्हाही हसले. त्या हसण्याला भिऊन त्या घरी बसल्या असत्या तर आज हे सदर वाचायला आमच्या भगिनी वाचकच नसत्या. हसणारा माणूस पहिल्या वर्षी हसतो, दुसऱ्या वर्षी बघायला येतो, तिसऱ्या वर्षी बायकोचे नाव नोंदवायला येतो.

तेव्हा आमची सूचना साधी आहे, आणि ती फक्त आमच्या भागासाठी नाही, जिल्ह्यातल्या सगळ्याच मंडळांनी घ्यावी. यंदाच्या जयंतीत प्रौढांसाठी तीन गट ठेवावेत : ३५ ते ४५, ४५ ते ५५ आणि त्यापुढचे. पहिल्या दोन गटांना १०० मीटर धावणे, तिसऱ्या गटाला ४०० मीटर जलद चालणे. महिला आणि पुरुष स्वतंत्र. प्रवेश फी नको. ज्या महिलांनी शाळेत खो-खो, कबड्डी खेळली आहे त्यांचा एक प्रदर्शनीय सामना ठेवावा, वेळ निम्मी करावी, नियम मात्र पुरे असावेत, पंच शिट्टी वाजवणारा असावा. थट्टेचा कार्यक्रम नको. एखाद्या डॉक्टर बांधवाने आधी तपासणी करून द्यावी. आणि बक्षीस म्हणून डबा किंवा जग देऊ नये. डबा पुन्हा स्वयंपाकघरातच नेतो. बक्षीस धावण्याचे बूट द्यावे, मापाचे.

खर्चाचा अंदाज आम्ही कारकुनी सवयीने काढला आहे. एका मंडळाच्या डीजेच्या एका रात्रीच्या भाड्यात हे सगळे बसते आणि वर चहाही होतो. कोणाला वही पाहायची असेल तर संध्याकाळी घरी यावे.

राहिला वहिनींच्या मुलाचा प्रश्न. पोरगा चांगला आहे, अभ्यासू आहे. त्याला आम्ही बोलावून घेतले आणि पाळवणकर बंधूंची गोष्ट सांगितली. भाऊ वगळला गेला तेव्हा दोघे भाऊ त्याच्या पाठीशी कसे उभे राहिले ते सांगितले. तो ऐकत राहिला. मग म्हणाला, "काका, शर्यत होणार असेल तर वेळ कोण लावणार?" आम्ही म्हटले, "तूच लाव." तो बरे म्हणाला. आता घड्याळ त्याच्याकडे आहे. मंडळांनी चुन्याच्या रेघांचे तेवढे पाहावे.

जय भीम!